ड्युटीवाल्यांचा रशिया, पाहुण्यांचा रशिया

भिलाईच्या कॅम्प-1 मध्ये साठी ओलांडलेला आणि रशियाबद्दल मत नसलेला माणूस सापडणं कठीण. मुंबई-पुण्यात रशियाबद्दलची मतं पुस्तकांतून आली, पक्षांतून आली, शिवाजी पार्कावरच्या भाषणांतून आली. इथे ती ड्युटीवरून आली. कोणी रशियन साहेबाच्या हाताखाली क्रेन चालवलेली, कोणाचा मोठा भाऊ ट्रेनिंगला जाऊन आलेला, कोणाच्या वडिलांनी कारखान्याचा पाया खणताना त्यांना लांबून पाहिलेलं. गंमत अशी की इतक्या जवळून पाहूनही कोणा दोघांची मतं जुळत नाहीत.

2 फेब्रुवारी 1955 रोजी दिल्लीत भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. वर्षाला 10 लाख टन पोलाद, कर्जावर अडीच टक्के व्याज आणि फेड बारा वार्षिक हप्त्यांत. भिलाईचा दुर्ग जिल्हा तेव्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती, त्यामुळे कचेऱ्यांत, शाळांत, रेल्वेत मराठी माणूस आधीपासूनच होता. कारखाना उभा राहू लागला तशी गोंदिया-भंडाऱ्याकडून मजुरांची आणखी एक मराठी लाट त्याच रुळांवरून आली. आंध्र, ओडिशा, बिहार, पूर्व उत्तर प्रदेश आणि आसपासच्या छत्तीसगढी गावांतूनही माणसं आली. रेल्वेरुळांच्या एका अंगाला आखीव सेक्टर उभे राहिले, झाडांचे रस्ते आणि क्वार्टर असलेले. दुसऱ्या अंगाला, पॉवर हाऊस स्टेशनच्या पलीकडे, बांधकामाच्या मजुरांसाठी कॅम्प पडले. काम संपलं की ते उठायचे होते. उठले नाहीत. आज तिथे पक्की घरं आहेत, गल्लीच्या तोंडाशी दुकानं आहेत आणि एकाच ओट्यावर तेलुगू, भोजपुरी, छत्तीसगढी आणि नागपुरी वळणाची मराठी एकमेकींत मिसळलेली ऐकू येते.

अशाच एका ओट्यावर मी दोन म्हाताऱ्यांचं भांडण ऐकलं. भांडण जुनं, मुरलेलं. एक ब्लास्ट फर्नेसचे निवृत्त ऑपरेटर. घरातली मुलं त्यांना आबा म्हणतात. दुसरे त्यांच्या बायकोचे भाऊ, युनियनचे जुने कार्यकर्ते. ते मुलांचे मामाआजोबा. दोघेही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत संघात जाऊन आलेले. आबा काही महिने ट्रेनिंगला होते, झापोरोझ्येला. मामा दोन आठवडे, मैत्री शिष्टमंडळात. घरात दोन्ही प्रवासांचे पुरावे जपून ठेवलेत. मामांचा अल्बम आहे, लाल रेक्झिनचा. त्यात लाल चौक, लेनिनची समाधी, बालवाडीतली गुबगुबीत मुलं, हातात फुलं घेतलेले आपले सतरा-अठरा लोक. प्रत्येक फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत. आबांकडे एकच वस्तू आहे. कारखान्याचा गेटपास. कडा झिजलेला पुठ्ठा, आत रशियन लिपीत त्यांचं नाव, अर्धवट उडालेला शिक्का आणि एका कोपऱ्यावर तेलकट अंगठ्याचा डाग.

त्या अल्बमला आणि त्या पासाला समोरासमोर ठेवलं की बंदिस्त देशाबद्दल बाहेरच्यांची मतं का फाटतात, याचं निम्मं उत्तर हाती येतं असं मला वाटतं. आपण समजतो की डावा माणूस गेला की कौतुक करतो आणि उजवा गेला की नावं ठेवतो. ते खरं आहे, पण अर्धंच. मामा आणि आबा एकाच युनियनचे, एकाच पक्षाला मत देणारे. फरक आहे तो तिथे काय म्हणून गेले याचा.

आबांचं बोलणं भट्टीपासून सुरू होतं. भट्टी फोडताना तिथला कामगार किती अंतरावर उभा राहायचा, टॅप होल बंद करायची मड गन कशी बसवायची, धातूच्या नाल्यांत वाळू किती ओली ठेवायची. “शिकवायला हात आखडता घेत नसत,” ते म्हणतात. “आपल्याकडे मिस्त्री अर्धी गोष्ट खिशात ठेवतो. तिथे फोरमन चिडायचा, शिव्या द्यायचा, पण दाखवायचा सगळं.” मग बायका. वरच्या केबिनमध्ये बसून अवजड क्रेन चालवणाऱ्या बायका त्यांनी पहिल्यांदा तिथे पाहिल्या आणि महिनाभर त्यांना त्या क्रेनखाली उभं राहायची भीती वाटत होती, हे ते आज हसत सांगतात. दवाखाना फुकट. घरभाडं नाममात्र.

आणि त्याच दमात दुसरी बाजू. हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक बाई टेबल टाकून बसलेली असायची. कोण कधी आलं, कोणाकडे गेलं, सगळं तिच्याकडे. व्हिसावर गावांची नावं लिहिलेली. यादीत नसलेल्या गावी जायचं नाही, मग ते तासाभरावर असलं तरी. सॉसेज आलं की दुकानापुढे रांग, आणि रांग कशाची आहे हे कळायच्या आत लोक रांगेत उभे. भट्टीवरचा जोडीदार एकदा घरी जेवायला घेऊन गेला. काहीतरी बोलायचं होतं त्याला. बोलण्याआधी उठून त्याने रेडिओ मोठा केला. काय बोलला, ते आबांना भाषेअभावी नीट कळलंच नाही. रेडिओ मोठा केला, एवढं मात्र कळलं.

“हे भाऊजींचं नेहमीचं आहे,” मामा म्हणतात. “एक रेडिओ धरून बसले. मी विचारतो, तिथे फूटपाथवर झोपलेला माणूस दिसला का तुम्हाला? भीक मागणारं पोर दिसलं का?”

“नाही दिसलं.”

“मग?”

“तुला दाखवला तेवढा रस्ता तू पाहिला. मलेही नाही दिसलं म्हणून सांगतो ना. पण रेडिओ दिसला.”

मामांचा प्रश्न हलका नाही. मराठीत तो प्रश्न घेऊन रशियाला गेलेला सर्वांत मोठा माणूस अण्णा भाऊ साठे. ते 1961 साली गेले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिलं. ज्याने माटुंग्याच्या लेबर कॅम्पात दिवस काढले, घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपड्यात संसार केला, स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचून तो गिरणगावात गायला, त्या माणसाची नजर आधी कुठे जाणार? माणसाला छप्पर आहे का, अंगावर गरम कपडा आहे का, कामगाराचा मान राखला जातो का, इकडेच. त्याला कोणी म्हणेल की तुम्हाला निवडक तेच दाखवलं. म्हणू द्या. त्याच्या स्वतःच्या देशाने त्याला निवडक काहीच दाखवलं नव्हतं. जे होतं ते अंगावर घेऊनच तो निघाला होता. त्याआधीच्या पिढीतले अनंत काणेकर लंडनच्या धुक्यातून निघून मॉस्कोला पोहोचले आणि 1940 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच तो प्रवास उतरला: ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’. मराठी वाचकाने त्या पुस्तकावर प्रेम केलं. त्या काळातला सुशिक्षित मराठी तरुण साहेबाच्या देशाला कंटाळलेला होता आणि साहेबाला ज्याचा राग येतो तो देश आपला, असं साधं गणित होतं.

हेच गणित नेहरूंचंही काही अंशी होतं. नोव्हेंबर 1927 मध्ये क्रांतीच्या दहाव्या वाढदिवसाला ते वडिलांबरोबर मॉस्कोत गेले, मुक्काम जेमतेम चार दिवसांचा. तिथला एक तुरुंग त्यांना दाखवण्यात आला. परतल्यावर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी म्हटलं की भारतातल्या कारखान्यात मजूर असण्यापेक्षा रशियातल्या तुरुंगात कैदी असणं बरं. आपल्याला तुरुंगाची उजळ बाजूच दाखवली असेल, हेही त्यांनी तिथेच कबूल केलं. हे मी ओट्यावर सांगितलं तेव्हा मामा खूश झाले. आबांनी विचारलं, “कारखान्यात मजूर म्हणून किती दिवस होते पंडितजी?”

पाहुण्यांची ही यादी मोठी आहे. रवींद्रनाथ 1930 मध्ये गेले, शिक्षणाच्या प्रसाराने भारावले, पण निघताना ‘इझ्वेस्तिया’ या सोव्हिएत दैनिकाला दिलेल्या मुलाखतीत ते द्वेषाची शिकवण आणि विचारस्वातंत्र्याची गळचेपी यांबद्दल स्पष्ट बोलले. ती मुलाखत ‘इझ्वेस्तिया’ने छापली, पण 1988 साली. आंद्रे जीद हा फ्रेंच लेखक 1936 च्या उन्हाळ्यात सरकारी पाहुणा म्हणून गेला होता, रेल्वेच्या खास डब्यातून फिरत. स्टालिनच्या जन्मगावावरून जाताना त्याला आभाराची तार करावीशी वाटली. मजकुरात नुसतं ‘तुम्हाला’ होतं. दुभाष्या म्हणाला, एवढ्याने भागणार नाही, पुढे कामगारांचे नेते वगैरे काहीतरी जोडायला हवं. नाहीतर तार जाणार नाही. जीदने परतल्यावर हे सगळं लिहिलं आणि कालपर्यंतचे त्याचे मित्र त्याच्यावर तुटून पडले. मुंबईचे मिनू मसानी 1927 मध्ये गेले, 1935 मध्ये पुन्हा गेले, दोन्ही वेळा प्रसन्न होऊन आले. मग स्टालिनने जुन्या साथीदारांवर चालवलेले मॉस्कोचे खटले सुरू झाले आणि त्यांचं मन फिरलं ते कायमचं. 1959 साली, भिलाईची पहिली भट्टी पेटली त्याच वर्षी, राजाजींच्या स्वतंत्र पक्षाच्या उभारणीत ते होते. खासगी उद्योगाची बाजू घेणाऱ्या त्या पक्षाला सरकारी पोलादाबद्दल किती जिव्हाळा होता ते सांगायला नको.

परतीचं तिकीट खिशात असलेले हे सगळे. ज्यांच्याकडे ते नव्हतं त्यांची गोष्ट वेगळी, आणि तिचा एक धागा भिलाईच्याच रेल्वेमार्गावरच्या वर्ध्याचा आहे. पांडुरंग खानखोजे, जन्म 1884, गदर पक्षाचे क्रांतिकारक. 1921 मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त यांच्यासोबत ते मॉस्कोत पोहोचले, हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी मदत मागायला. मनासारखं काही झालं नाही. खानखोजे तिथून निघाले आणि शेवटी मेक्सिकोत गेले. मक्यावर आणि गव्हावर काम केलं, तिथल्या शेतकऱ्यांत मान मिळवला. वीरेंद्रनाथ मात्र पुढे सोव्हिएत संघातच स्थायिक झाले. सप्टेंबर 1937 मध्ये त्यांना गोळी घातली गेली. सरोजिनी नायडूंचा हा सख्खा भाऊ कसा गेला, हे इथे कळायलाही वर्षं लागली. त्याच सुमारास तिकडे जाऊन आलेल्यांची प्रवासवर्णनं आपल्याकडे आवडीने वाचली जात होती.

पाहुणा आणि कैदी यांच्या मधला माणूस म्हणजे ड्युटीवाला. परदेशी ड्युटीवाल्यांनी लिहिलेल्या पुस्तकांत मला सर्वांत खरं वाटतं ते जॉन स्कॉट या अमेरिकन तरुणाचं. अमेरिकेत मंदी, काम नाही, म्हणून विशीतला हा पोरगा वेल्डिंग शिकला आणि 1932 मध्ये उरालमधल्या मॅग्निटोगोर्स्कला पोहोचला. पाच वर्षं तिथे भट्ट्यांच्या सांगाड्यांवर चढून डाग मारले, तिथल्याच मुलीशी लग्न केलं. त्याने पाहिलेलं मॅग्निटोगोर्स्क म्हणजे तंबू, बराकी, थंडीत पकड सुटून खाली कोसळणारे कामगार, जमिनीवरून हुसकून आणलेले आणि पहाऱ्यात काम करणारे शेतकरी; आणि त्याच शहरात रात्रशाळेत झोप आवरत गणित शिकणारी, आपण जग उभारतोय या खात्रीने पेटलेली पोरं. तो यातलं एकही लपवत नाही आणि एकाने दुसऱ्याला माफीही देत नाही. 1937 मध्ये परदेशी माणूस म्हणून त्याला कारखान्याचं दार बंद झालं, शहरही परदेश्यांना बंद झालं. तेच शहर जून 1955 मध्ये पंतप्रधान नेहरूंना कौतुकाने दाखवलं गेलं. आणि भिलाईत सोव्हिएत अभियंत्यांचे प्रमुख म्हणून जे व्ही. ई. दिमशित्स आले, त्यांनी उमेदीची वर्षं मॅग्निटोगोर्स्कच्याच बांधकामावर काढलेली होती. आपल्या भट्ट्यांचं कूळ असं थेट तिथे जातं.

दिमशित्स आणि त्यांच्या माणसांबद्दल कॅम्पात वाईट बोलणारा मला भेटला नाही. खांद्याला खांदा लावून काम करत, चिखलात उतरत, हे सगळे सांगतात. सेक्टरच्या बाजारात रशियन बायका हिंदीत भाव करायच्या आणि भाजीवाला रशियनमध्ये बटाटे विकायचा, हेही. रशियन मात्र आपल्यातच राहायचे. एकेकटे कोणाच्या घरी सहसा यायचे नाहीत. यायचे तेव्हा दोघे-तिघे. इकडच्यांना वाटायचं, भाषेचा संकोच असेल.

आता थोडं उलट बघू. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या भट्टीचं उद्घाटन झालं, त्यानंतर भिलाई हे स्वतःच दाखवायचं ठिकाण झालं. फेब्रुवारी 1960 मध्ये ख्रुश्चेव्ह येऊन गेले. देशोदेशीचे पाहुणे, शिष्टमंडळं, शाळांच्या सहली येत राहिल्या. त्यांना भट्टी दिसली, रूळ लाटणारी मिल दिसली, नंतर मैत्री बागेतले पांढरे वाघ दिसले. कॅम्प-1 दिसला का? याच गल्लीतल्या एका तेलुगू आजींनी मला सांगितलं ते असं: मोठा पाहुणा येणार असला की मुख्य रस्त्याच्या कडेच्या दगडांना चुना मारायला त्यांच्या नवऱ्याला जादा हाजरी मिळायची, आणि पाहुण्याच्या दिवशी तिकडे फिरकू नका म्हणून मुकादम बजावायचा. आजींना त्यात काही गैर वाटलेलं नाही. “घरी पाहुणा आला की आपण पण मोरी दाखवतो का?” असं त्यांनी मलाच विचारलं.

म्हणजे दाखवायची खोली आणि मागची मोरी प्रत्येक देशाला असते. मामा नेमका हाच मुद्दा धरून बसतात. पण तिथेच थांबलं तर फसगत होते, आणि हे पॉवर हाऊसच्या माणसाला तरी सांगायला नको. 1 जुलै 1992 रोजी छत्तीसगढ मुक्ती मोर्चाचे कामगार पॉवर हाऊस स्टेशनवर रुळांवर बसले होते. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांचा आदल्या सप्टेंबरात भिलाईतच झोपेत खून झाला होता. मागण्या वेतनाच्या होत्या, कामावरून काढलेल्यांना परत घेण्याच्या होत्या. संध्याकाळी पोलिसांनी गोळीबार केला. पंधराहून अधिक कामगार मेले.

असाच एक दिवस सोव्हिएत संघात होता: 2 जून 1962, नोव्होचेर्कास्क. मांस-लोण्याचे भाव वाढले आणि त्याच सुमारास इंजिनांच्या कारखान्यात मोबदल्याचे दर कापले गेले, म्हणून कामगार लाल झेंडे आणि लेनिनची चित्रं घेऊन निघाले. चौकात सैनिकांनी गोळ्या झाडल्या. 26 मेले. प्रेतं रात्रीतून वेगवेगळ्या गावच्या स्मशानांत नेऊन पुरली, साक्षीदारांकडून गप्प राहण्याचे कागद लिहून घेतले, नंतर सात जणांना देहदंड ठोठावून ठार केलं. चौकातले डाग धुऊन जाईनात म्हणून नवं डांबर टाकलं. त्या वर्षीही भारतीय पाहुणे आणि प्रशिक्षणार्थी सोव्हिएत शहरांतून वावरत होते. परत येऊन यातलं अवाक्षर कोणी सांगितल्याचं ऐकिवात नाही. त्यांनी लपवलं असं नव्हे. शेजारच्या गावच्या रशियन माणसालाही कुजबुजीपलीकडे कळायची सोय नव्हती. सगळं उघड व्हायला तीस वर्षांच्या आसपास गेली.

पॉवर हाऊसला गोळीबाराच्या दुसऱ्या दिवशी बातमी होती, मृतांची नावं होती. न्याय मिळाला का, तर त्यावर इथले लोक कडवट हसतात. पण दर 1 जुलैला माणसं जमतात, हार घालतात, सरकारला नावं ठेवतात आणि चालत घरी जातात. हे मी बोललो तेव्हा मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “नावं ठेवून पोट भरत नाही.” आणि तेही खोटं नाही, नियोगींच्या कामगारांना हे दोन्ही माहीत होतं.

आबांचं झापोरोझ्ये आता रशियात नाही, म्हणजे तेव्हाही ते युक्रेनमध्येच होतं. पण इथे सगळ्यालाच रशिया म्हणायची रीत. 2022 पासून टीव्हीवर त्या गावाचं नाव तोफांच्या बातम्यांत येतं. तिथून आग्नेयेला मारिउपोलचा अझोव्हस्ताल कारखाना, ज्याच्या तळघरांत युक्रेनी सैनिक मे 2022 पर्यंत तग धरून होते, तो पडलेला आबांनी मोबाइलवर पाहिला. “भट्टी थंड पडली की आत लोखंड गोठतं. मग ती भट्टी राहत नाही, दगड होतो,” एवढंच ते म्हणाले आणि कोणत्या बाजूचं चुकलं यावर बोलायला त्यांनी साफ नकार दिला. मामांकडे मात्र त्यावर तयार मत होतं.

या घरातला नातू रायपूरला नोकरी करतो आणि सुट्टीत कॅम्पात येतो. त्याचं वेड उत्तर कोरियाचं आहे. तिथे जाऊन आलेल्यांचे व्हिडिओ तो रात्ररात्र पाहतो. त्यातही तेच दोन तट. एक म्हणतो, रस्ते आरशासारखे, मेट्रोत झुंबरं, लोक हसतमुख, पाश्चात्त्य माध्यमं खोटं सांगतात. दुसरा म्हणतो, सोबत दोन सरकारी गाइड, नेत्याच्या पुतळ्याचा फोटो काढला तर पाय कापलेले चालत नाहीत, आणि आपण भरलेले युरो जातात ते क्षेपणास्त्रांत. ओटो वॉर्मबिअर हा अमेरिकन विद्यार्थी पर्यटक म्हणूनच गेला होता. भिंतीवरचा घोषणाफलक काढल्याच्या आरोपावरून जानेवारी 2016 मध्ये त्याला पकडलं, पंधरा वर्षांची सक्तमजुरी सुनावली आणि जून 2017 मध्ये तो बेशुद्धावस्थेत घरी परत आला तो काही दिवसांत गेलाच. त्यानंतर अमेरिकेने आपल्या नागरिकांना तिकडे जायलाच बंदी केली. कोविडच्या साथीच्या काळात उत्तर कोरिया पूर्ण बंद होता. फेब्रुवारी 2025 मध्ये रासोनचा सीमाभाग पाश्चात्त्य पर्यटकांना उघडला आणि काही आठवड्यांत पुन्हा मिटला. जावं की जाऊ नये, यावर नातू आणि त्याचे मित्र हमरीतुमरीवर येतात. माझं विचाराल तर, गेल्याने राजवटीला पैसा मिळतो हे खरं. पण न गेल्याने तिथल्या माणसाचं बंद दार उघडलं असंही कुठे झालेलं नाही. जाणाऱ्याने परत येऊन ‘मी देश पाहिला’ एवढं मात्र म्हणू नये.

नातवाने दोन्ही आजोबांना एक व्हिडिओ दाखवला. प्योंगयांगची मॅरेथॉन, एप्रिल 2025. सहा वर्षांनी भरलेली, त्यात दोनेकशे परदेशी धावलेले. त्याचं म्हणणं असं की एरवी गाइड पाठ सोडत नाही. धावताना तेवढं शहर मोकळं मिळतं, कडेची पोरं टाळ्या द्यायला हात पुढे करतात. पुन्हा भरली तर नाव नोंदवायचं त्याच्या मनात आहे.

मामांनी पहिल्यांदाच आबांची बाजू घेतली. “टाळ्या द्यायला कोणाला उभं करायचं, ते पण ठरलेलं असतं रे. मी पाहिलंय.”

आबा मात्र व्हिडिओ परत मागे न्यायला सांगत होते. धावणाऱ्यांच्या मागे एक धुराडं दिसलं होतं त्यांना, आणि धूर कसा निघतोय त्यावरून कारखाना चालू आहे की नुसता उभा आहे ते सांगता येईल असा त्यांचा दावा होता. नातवाने तीनदा मागे नेलं. चित्र हलत होतं, धूर की ढग ते ठरेना. आतून आजीने विचारलं की तिकडे जाऊन हा पोरगा खाणार काय, आणि त्या प्रश्नाचं उत्तर आबांकडे होतं: कोबी.